बाई, चौथ्या भट्टीच्या गोष्टीसाठी थँक्यू

प्रिय बाई,

रात्रशाळेत शेवटच्या बाकावर डुलक्या काढणारा, दिवसभर हॉटेलात टेबलं पुसून येणारा मुलगा तुम्हाला आठवत असेल की नाही माहीत नाही, पण मला हे सगळ्यांसमोर सांगायचंय म्हणून उघड पत्र लिहितोय.

दहावीच्या गणितात दुसऱ्यांदा उडालो तेव्हा मी शाळा सोडतो सांगायला आलो होतो. तुम्ही रागावला नाहीत, समजूतही घातली नाहीत, पोरं गेल्यावर थांबवून घेतलंत आणि बुकर टी. वॉशिंग्टन या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय शिक्षकाबद्दल सांगायला लागलात. जन्मच गुलामीत, व्हर्जिनियातल्या एका शेतावर, १८६५ ला सुटका झाली तेव्हा वय नऊच्या आसपास, आणि सुटून गेला तर वेस्ट व्हर्जिनियात मिठाच्या भट्टीवर कामाला. अक्षरओळख व्हायच्या आधी त्याला १८ आकडा तेवढा वाचता यायचा कारण सावत्र वडिलांच्या पिंपांवर तो घातलेला असायचा. तुम्ही फळ्यावर १८ काढलात, तो अजून डोळ्यासमोर आहे. तोसुद्धा आधी रात्रीच शिकायचा हे ऐकून मी जरा ताठ बसलो.

मग हॅम्प्टनला, कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत, जायला निघाला, जवळपास ५०० मैल, पैसे संपले तर रिचमंडमध्ये फूटपाथच्या फळ्यांखाली झोपला. तिथं प्रवेश परीक्षा काय, तर एक खोली झाड. त्याने तीनदा झाडली, चारदा पुसली, मग तिथल्या बाईंनी रुमाल फिरवून बघितला. आपल्याकडे कार्व्हर सगळ्यांना माहीत असतो, पण १८९६ ला त्याला टस्कीगीच्या आपल्या शाळेत बोलावून घेणारा माणूस हाच, हे मला तुमच्याकडून कळलं.

पण मला धरून ठेवलं ते विटांनी. टस्कीगीची शाळा ४ जुलै १८८१ ला सुरू झाली, ३० विद्यार्थी, छप्पर इतकं गळकं की पाऊस आला की एक मुलगा सरांच्या डोक्यावर छत्री धरायचा आणि बाकीचे धडा म्हणायचे. इमारतीला पैसे नाहीत म्हणून विटा स्वतःच पाडायच्या ठरल्या, गुडघाभर चिखलात उभं राहून. पहिली भट्टी फसली, दुसरी, तिसरीही फसली, आणि पैसे संपले. तेव्हा तो माँटगोमेरीला गेला, स्वतःचं घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकलं, चौथी भट्टी लावली, आणि ती जमली. घड्याळ मात्र परत मिळालं नाही. १९१५ ला तो गेला तोवर तिथं शंभराच्या वर इमारती होत्या, बऱ्याचशा मुलांनीच बांधलेल्या.

पुढे मी वाचलं की ड्यू बॉईससारख्या कृष्णवर्णीय विचारवंतांना त्याचं पटायचं नाही, मतदानाच्या हक्कासाठी तो उघडपणे भांडत नाही म्हणून. ती टीका मला रास्तच वाटते, जरी त्याने गुपचूप कोर्टाच्या केसेसना पैसे दिले होते तरी. पण त्या रात्री मला चौथी भट्टीच हवी होती.

तिसऱ्या वेळी फॉर्मची तारीख उलटून गेली होती आणि लेट फी तुम्ही भरलीत, मला सांगितलंत शाळेनेच भरली. खरं काय ते क्लार्ककाकांनी निकालानंतर सांगितलं. ४१ मार्क पडले बाई. नंतर आयटीआय केलं, आता वायरमन आहे.

पुढच्या शनिवारी शाळेत येतोय. तुमच्या वर्गातली ट्यूबलाइट तेव्हा सारखी फडफडायची, अजून तशीच असेल तर बदलून देतो, आणि फीचे पैसे आणतोय, प्लीज नाही म्हणू नका.

तुमचा,
शेवटच्या बाकावरचा