आपल्या स्टेशनाचा इतिहास

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

इतके महिने पत्र नाही म्हणून रागावला असशील. लिहायचे मनात होते, पण आळसापायी राहून गेले. प्रकृती ठीक, गुडघा कुरकुरतो.

गावाच्या स्मरणिकेसाठी ‘शकुंतला’ या आपल्या छोट्या रेल्वेगाडीच्या स्टेशनाचा इतिहास लिहिण्याचे काम माझ्या गळ्यात पडले आहे. मंडळींना काय हवे ते ठरलेले आहे: वऱ्हाडचा कापूस नेण्यासाठी किलिक निक्सन कंपनीने अडीच फूट अंतराचे रूळ टाकले, १९२१ चे मँचेस्टरचे वाफेचे इंजिन सत्तरएक वर्षे राबले, १५ एप्रिल १९९४ रोजी डिझेल आले, आणि राष्ट्रीयीकरणानंतरही आपला मार्ग खासगी कंपनीच्याच नावावर राहिला. सारे खरे आहे, पण यात स्टेशन कुठे आहे? हाच मजकूर मूर्तिजापूर ते अचलपूर कोणत्याही स्टेशनाला लागू पडेल.

मला लिहायचे आहे ते निराळेच. गाडी फाटकाच्या अलीकडे थांबे, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावी, शेवटचा डबा पलीकडे गेला की ते उघडी आणि धापा टाकत पुन्हा चढे. तिकीटही गार्डच देई. मंडळी यावर हसतात. मला मात्र त्यात मार्ग कसा मरतो तो क्रम दिसतो: आधी रेल्वेची नोकर माणसे कमी झाली, मग तिकिटाची खिडकी मिटली, रुळांखालचे स्लीपर कुजत गेले तसा वेग ताशी २० किलोमीटरवर आला, लोक एसटीकडे वळले आणि शेवटी प्रवासीच नाहीत असे म्हणण्याची सोय झाली. स्टेशन गाडीच्या कितीतरी आधी बंद पडले होते. हे लिहिले तर ‘स्मरणिकेत रडगाणे नको’ असे ऐकवतील.

हा मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा व्हावा, याबद्दल माझे दुमत नाही. पर्यटकांसाठी जुनी गाडी मिरवण्याची तुझी कल्पना मला तेव्हाही पटली नव्हती. शिवाय ‘वाफेच्या इंजिनाच्या शेवटच्या फेरीत मी होतो’ हे तुझे पालुपद आता पुरे. तू त्या दिवशी अमरावतीला परीक्षेत होतास.

मुलीचे लग्न ठरल्याचे कळले, फार आनंद झाला. वहिनींना नमस्कार.

तुझे वडील मालधक्क्यावर होते, तेव्हा इथून कापसाच्या गाठी कधीपर्यंत जात होत्या, एवढे त्यांना विचारून कळव. मजकूर महिनाअखेर द्यायचा आहे.

तुझा,
विनायक