तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना

प्रिय काकू,
सा. न.

समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही 'पुरे गं, चहा टाक' म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण परदेशी निघालेल्या आईला किंवा सासूला 'तिकडे साडी नको हं' असं सांगणारी घरं आपल्या पार्ल्यातच कितीतरी असतील. आमचंही त्यातलंच होतं.

ऑक्टोबरात रोम आणि इस्तंबूल ठरलं, तेव्हा मीच आईसाठी दोन पँट्स आणि लांब कुर्ते मागवले होते. ७१ वर्षांत तिने साडीशिवाय काही अंगाला लावलेलं नाही. दार लावून तिने ते घालून पाहिले. मी आत गेले तेव्हा ती आरशासमोर उभी राहून कुर्त्याची टोकं दोन्ही हातांनी खाली ओढत होती. रात्री जेवताना म्हणाली, "तुम्हीच जाऊन या. मला काही एवढी हौस नाही." व्हिसा आला होता, तिकिटं काढलेली होती, आणि तिला खरं तर केवढी हौस होती हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही खाली आलात. तीस वर्षं विमानात प्रवासी पाहिलेली बाई तुम्ही. आईचा चेहरा बघूनच तुम्हाला कळलं असणार. तुम्ही म्हणालात ते मी शब्दन् शब्द लक्षात ठेवलंय: "जी बाई सारखी कपडे सावरते ना, तिच्याकडेच लोक बघतात. वहिनी, तुम्ही साडीच नेसा."

मग तुम्ही कपाट उघडायला लावलंत. जरीच्या, रेशमी, स्टार्चच्या सुती, सगळ्या बाजूला. पाच साड्या निघाल्या, गडद निळी, मरून, राखाडी अशा, बारीक काठाच्या, रात्री धुतली की सकाळी वाळणाऱ्या आणि इस्त्री न मागणाऱ्या. नेसताना जमिनीपासून चार बोटं वर. पदर खांद्यावर पिन लावून पक्का. ब्लाउजच्या आत थर्मल, वर पुढून बटणांचं काळं स्वेटर. पायात राखाडी स्पोर्ट्स शूज, पांढरेशुभ्र नकोत आणि भडक पट्ट्यांचेही नकोत, आणि निघण्याच्या तीन आठवडे आधीपासून रोज वापरलेले. सोन्याचं मंगळसूत्र लॉकरमध्ये, गळ्यात आखूड काळी पोत.

आणि तो परकर! पासपोर्ट कापडावर ठेवून तुम्ही खडूने त्याच्याभोवती रेघ मारलीत, चारी बाजूंनी बोटभर जागा सोडलीत आणि तुमच्याच मशीनवर चेनचा चोरखिसा शिवलात, डाव्या कमरेला, निऱ्यांपासून दूर. "हा रस्त्यात उघडायचा नाही. दिवसाचे पैसे वेगळ्या छोट्या पाकिटात." आईने बारा दिवस हा नियम मोडला नाही.

पण खरी कमाल त्या रविवारची. तुम्ही आम्हा दोघींना पूर्ण तयारीनिशी पार्ले स्टेशनवर नेलंत. जिना, पूल, चर्चगेट लोकल, मग मरीन ड्राइव्हवर तासभर चालणं. सरकत्या जिन्यावर निऱ्या एका हाताने उचलून, दुसऱ्या हाताने कठडा धरून पाय कसा टाकायचा, हे तुम्ही आईकडून चार वेळा करून घेतलंत. रोमच्या मेट्रोत पहिल्या दिवशी मी हात पुढे करायच्या आधीच ती जिन्यावर उभी होती.

माझ्या कपड्यांना तुम्ही फार वेळ दिला नाहीत, आणि ते बरोबरच होतं. गुडघ्यापर्यंतचे साधे कुर्ते, काळ्या पँट्स, एक जॅकेट, झालं. पाठीवरची सॅक मात्र काढून घेतलीत आणि आडव्या पट्ट्याची पर्स दिलीत. "संध्याकाळच्या विरार लोकलला लेडीज डब्यात पर्स कशी धरतेस? पोटाशी. तशीच धर." चेनच्या टोकाला सेफ्टी पिन लावलीत. रोममध्ये तेर्मिनी स्टेशनवरून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस खिसेकापूंसाठी कुप्रसिद्ध आहे. गर्दीत उतरल्यावर पाहिलं तर चेन दोन बोटं सरकलेली, पुढे पिनेला अडकलेली. आतलं सगळं जागेवर. फुटपाथवरच डोळ्यांत पाणी आलं माझ्या, काकू.

त्याच सकाळी व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये आमच्या पुढच्या मुलीला उघड्या खांद्यांमुळे थांबवलं. तिथे खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. तुम्ही दिलेली करडी शाल माझ्या पर्समध्येच होती. ती मी तिला आत जाण्यापुरती दिली, तिने बाहेर आल्यावर घडी घालून परत केली.

इस्तंबूलच्या ब्लू मशिदीत दाराशी बायकांना डोकं झाकायला सांगतात, बूट काढून हातात घ्यायचे असतात. मी शाल डोक्यावर बसवत होते, ती घसरत होती. आईने पदर नुसता डोक्यावर घेतला, देवळात घेते तसा, आणि आत गेली. दारावरची बाई तिच्याकडे बघून हसली, छातीवर हात ठेवून मान लववली. आईनेही हात जोडले. आत गालिच्यावर बसून ती वरच्या निळ्या फरशा बघत राहिली. ज्या साडीसाठी आम्ही तिला घरी ठेवणार होतो, तिच्यामुळेच ती तिथे माझ्यापेक्षा सहज वावरत होती. मला तेव्हा आमचीच लाज वाटली.

एका बाबतीत मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. बुटांचा एकच जोड पुरत नाही. रोमला दुसऱ्या दिवशी धो धो पाऊस आला. तिथल्या जुन्या गल्ल्यांत काळ्या दगडांचे चौकोनी ठोकळे बसवलेले आहेत, ते ओले झाले की पाय सरकतो, आणि भिजलेले शूज रात्रीत वाळले नाहीत. हेअर ड्रायर लावून बसलो होतो. आता मला कुणी विचारलं तर मी दोन जोड सांगते. बाकी तुमचं सगळं जसंच्या तसं सांगते, अगदी पेढे आणि तूप नेऊ नका, युरोपात दुधाचे पदार्थ न्यायला परवानगी नाही, इथपर्यंत. खोबरेल तेलाची बाटली हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरच्या वर नको, हेही.

तुमची शाल धुवून ठेवली आहे. मी वर आणून देणार होते, पण आई ऐकत नाही. लिफ्ट नसली तरी दोन्ही मजले चढून रविवारी तीच येणार आहे, ते राखाडी शूज घालून. चहा मी टाकेन.

तुमची,
पहिल्या मजल्यावरची