‘बोथ’ची जागा आणि ‘पुणे आणि पिंपरीत’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शालेय पुरवणीच्या इंग्रजीच्या पानावर गेल्या आठवड्यात दहावीसाठी सरावाचे प्रश्न होते. त्यातल्या चौथ्या प्रश्नासाठी हे पत्र. ‘ही इज गुड ॲट बोथ क्रिकेट अँड चेस’ हे बरोबर आणि ‘ही इज गुड बोथ ॲट क्रिकेट अँड ॲट चेस’ हे चूक, असं उत्तर आपण छापलंत. आमच्या शेजारची मुलगी यंदा दहावीला आहे. तिनं दुसऱ्या वाक्यापुढे बरोबरची खूण केली होती. ते पान घेऊन ती संध्याकाळी माझ्या दारात उभी राहिली, तोंड एवढंसं करून. मी मराठी माध्यमाच्या शाळेत 31 वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यामुळे आमच्या जिन्यातली असली सगळी प्रकरणं माझ्याकडेच येतात.

दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. तिला तेच सांगितलं आणि आता आपल्यालाही सांगते.

आमच्या शाळेत गणिताचे एक सर होते. त्यांनी स्टाफरूममध्ये चहा पिता पिता मला हे जसं समजावलं, तसं कुठल्याच व्याकरणाच्या पुस्तकात मला सापडलेलं नाही. ते म्हणाले, बाई, हे तर आठवीचं बीजगणित आहे. ‘ॲट’ हा सामाईक अवयव. तो कंसाबाहेर काढा, नाहीतर आत दोन्ही पदांना लावा. ‘ॲट बोथ क्रिकेट अँड चेस’ म्हणजे ‘अ’ बाहेर आणि कंसात ‘ब अधिक क’. ‘बोथ ॲट क्रिकेट अँड ॲट चेस’ म्हणजे ‘अब अधिक अक’. किंमत तीच. चूक होते ती एकदा बाहेर काढलेला ‘अ’ पुन्हा आतल्या एकाच पदाला चिकटवला की: ‘ॲट बोथ क्रिकेट अँड ॲट चेस’. किंवा उलट, आत ठेवलेला ‘अ’ दुसऱ्या पदाला लावायचा राहून गेला की: ‘बोथ ॲट क्रिकेट अँड चेस’. बोथ–अँड, आयदर–ऑर, नायदर–नॉर या जोड्यांमधल्या पहिल्या शब्दापाशी कंस उघडतो, एवढं मुलाच्या डोक्यात बसलं की काम झालं. मी पुढची सगळी वर्षं फळ्यावर कंस काढूनच शिकवलं.

सामाईक अवयव नसेल तेव्हा मात्र काहीच बाहेर काढता येत नाही. आमच्या सोसायटीच्या फाटकावर इंग्रजी पाटी आहे: ‘व्हेइकल्स शुड बी पार्क्ड इन आयदर द बेसमेंट ऑर बिहाइंड द बिल्डिंग.’ ‘द बेसमेंट ऑर’ हे शब्द बोटानं झाका आणि ‘आयदर’ सोडून उरलेलं वाचा: ‘इन बिहाइंड द बिल्डिंग’. मराठीत ‘इमारतीच्या मागेमध्ये’ म्हणावं तसं ते होतं. इथे ‘आयदर’ ‘इन’च्या आधीच हवं. चिटणिसांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, ‘‘बाई, गाड्या बरोबर लागतायत ना?’’ लागतात. पाटी अजून तशीच आहे.

आता मूळ मुद्दा. मुलं मराठीतून विचार करतात म्हणून त्यांचं इंग्रजी बिघडतं, हे मी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ऐकत आले. तेव्हा आम्ही पाचवीपासून इंग्रजी शिकवायचो. 2000 साली राज्यात ते पहिलीपासून आलं, तरी तक्रार तीच राहिली. या प्रश्नात गोष्ट नेमकी उलटी आहे. या मुलीनं ‘बोथ ॲट क्रिकेट अँड ॲट चेस’ का निवडलं? कारण तिच्या डोक्यात ‘क्रिकेटमध्येही आणि बुद्धिबळातही’ होतं. आपल्याकडे विभक्तीचा प्रत्यय काय आणि शब्दयोगी अव्यय काय, शब्दाच्या शेपटीला चिकटतं आणि वर शब्दाचं रूपही बदलतं. ‘बुद्धिबळ’चं ‘बुद्धिबळात’ होतं, ‘पुणे’चं ‘पुण्यात’ होतं. त्यापुढे ‘ही’ येतो आणि तोही दोन्हीकडे येतो. ‘एक तर तळघरात, नाहीतर इमारतीच्या मागे’ हे वाक्य घ्या. ‘एक तर’ आपसूक पुढे येऊन बसतं, पुढचे दोन्ही तुकडे आपापलं अव्यय घेऊन सुटे उभे राहतात. ते शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेलं तर ‘आयदर इन द बेसमेंट ऑर बिहाइंड द बिल्डिंग’ होतं आणि ते शंभर टक्के बरोबर आहे. आमच्या चिटणिसांनी पाटी मराठीत विचार करून लिहिली असती, तर ती चुकली नसती.

शंभर मार्कांचं संस्कृत घेतलेल्या वाचकांना यात आणखी गंमत दिसेल. ‘रामश्च कृष्णश्च’ यात प्रत्येकामागे ‘च’ लागतो, आणि समास केला की ‘रामकृष्णौ’, दोघांना मिळून एकच प्रत्यय. मराठीतही सगळ्यांसाठी एक प्रत्यय चालवायचा असेल तर आपण समास करतो: आईवडिलांना, पुणे-मुंबईला. इंग्रजीतलं ‘इन बोथ पुणे अँड मुंबई’ हे साधारण त्या वळणाचं. फरक एवढाच की इंग्रजीतलं ‘इन’ सुटं असतं आणि आधी येतं, म्हणून समासाची खटपट न करता ते बाहेर उभं राहू शकतं. ही सोय आपल्याला नाही.

आणि इथेच, संपादक महोदय, आपल्या शीर्षकांकडे वळते. ‘पुणे आणि पिंपरीत’ अशी शीर्षकं आपल्या अंकात आठवड्यातून दोनदा तरी दिसतात. पिंपरीला ‘त’ मिळाला, पुणे मात्र सामान्यरूपाविना उघड्यावर. ‘पुण्यात आणि पिंपरीत’ लिहा, नाहीतर समास करून ‘पुणे-पिंपरीत’ लिहा. एक स्तंभ रुंदीच्या शीर्षकात दोन अक्षरं वाचवायची असतात हे मला समजतं. मग निदान क्रम बदला. ‘पिंपरी आणि पुण्यात’ म्हटलं तर चूक तेवढीच असते, पण ‘पिंपरी’चं सामान्यरूप ‘पिंपरी’च असल्यामुळे ती उघडी पडत नाही. ‘आई आणि बाबांसाठी’ आपल्या कानाला खटकत नाही त्याचं कारणही तेच. प्रत्यय लागताना ‘आई’चं रूप बदलत नाही, म्हणून ती चोरी पचते.

म्हणजे आपल्या इंग्रजीच्या पानावर बरोबर वाक्याला चूक ठरवलं जातं आणि त्याच अंकाच्या पहिल्या पानावर कंसाचा तोच घोळ मराठीत छापला जातो.

मराठीतून आलेली मुलं या भागात कुठेच अडखळत नाहीत असं मात्र नाही. ‘नायदर–नॉर’मध्ये हमखास अडखळतात. आपण ‘सांगलीलाही गेले नाही आणि मिरजेलाही गेले नाही’ असं दोनदा नाही म्हणतो, त्यामुळे वह्यांमध्ये ‘आय डिडन्ट गो नायदर टू सांगली नॉर टू मिरज’ सापडतं. ‘नायदर’च्या पोटातच नकार आहे, वर ‘डिडन्ट’ नको. ‘आय वेंट नायदर टू सांगली नॉर टू मिरज’ म्हणा, किंवा नकार ठेवायचाच असेल तर ‘आय डिडन्ट गो आयदर टू सांगली ऑर टू मिरज’.

‘नॉट ओन्ली’बद्दल मी स्वतः जरा सैल आहे. ‘शी नॉट ओन्ली टीचेस इन द स्कूल बट ऑल्सो ॲट होम’ हे काटेकोरपणे चूक. ‘नॉट ओन्ली’ क्रियापदाच्या आधी आलं की ‘बट ऑल्सो’च्या पुढेही क्रियापद यायला हवं. इथे तुलना शाळा आणि घर यांची आहे, म्हणून ‘टीचेस नॉट ओन्ली इन द स्कूल बट ऑल्सो ॲट होम’. पण बोलताना इंग्रज मंडळीही पहिल्यासारखं सर्रास बोलतात, आणि आपण तरी काय वेगळं करतो? ‘ती नुसती शाळेतच नाही, तर घरीही शिकवते.’ ‘नुसती’ जायला हवं शाळेबरोबर आणि लिंग घेऊन बसतं ‘ती’चं. अशा वाक्याखाली मी पेन्सिलनं रेघ ओढायचे, मार्क कापायचे नाही.

विषय निघालाच आहे तर लक्ष्मी रस्त्याच्या बाजूला पाहिलेली एक पाटीही सांगते: ‘शॉप विल रिमेन क्लोज्ड बिटवीन 1 टू 4.’ दुपारी दुकान बंद ठेवण्याबद्दल पुणेकर म्हणून माझं काही म्हणणं नाही. पण ‘बिटवीन’ची जोडी ‘अँड’शी, आणि ‘टू’ची ‘फ्रॉम’शी. आपल्याकडे दोन्हींसाठी एकच ‘ते’ पुरतं, म्हणून हा गोंधळ होतो.

पुढच्या पुरवणीत चौथ्या प्रश्नाची दुरुस्ती छापावी ही विनंती. ती शक्यतो पान तेच, जागा तीच आणि अक्षरं तेवढीच मोठी, अशी असावी. खाली बारीक टाइपात आलेलं दहावीची मुलं वाचत नाहीत, आणि शेजारचीनं पुरवणीचं ते पान अजून फ्रिजवर चुंबकानं लावून ठेवलंय.

पत्र छापल्यास माझं नाव छापू नये. चिटणीस आपलंच वर्तमानपत्र घेतात आणि मला अजून याच सोसायटीत राहायचं आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, सहकारनगर, पुणे