एकच जॅक असलेला लॅपटॉप ‘५.१ सराउंड’ म्हणून विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ५.१ सराउंड साउंडची दिशाभूल करणारी जाहिरात आणि सेवाकेंद्राच्या जॉबशीटवरचा (दुरुस्तीच्या नोंदपत्रावरचा) ‘खाऱ्या हवेने गंज’ हा शेरा. लॅपटॉप परत घेऊन पैसे मिळण्याबाबत.

महोदय,

तुमच्या वेबसाइटवरून मी घेतलेल्या लॅपटॉपच्या पानावर ‘५.१ सराउंड साउंड’ असं ठळक छापलं होतं आणि शेजारी लॅपटॉपभोवती मांडलेल्या स्पीकरांचं चित्र होतं. ते पान खरेदीच्या वेळीच सेव्ह केलेलं आहे, प्रत सोबत जोडली आहे. प्रत्यक्षात या लॅपटॉपला आवाजासाठी साडेतीन मिलिमीटरचा एकच जॅक आहे, हेडफोन आणि माइकचा मिळून. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर, प्रत्येकाचा आवाज वेगळा, असे सहा चॅनल. ते त्यातून निघूच शकत नाहीत. ही गोष्ट मला विकण्यापूर्वी सांगितली गेली नाही आणि तक्रार केल्यावर तर ती लपवण्यासाठी भलतीच कारणं पुढे केली गेली.

मी वेंगुर्ल्यात राहतो आणि आमच्या भागातल्या दशावताराच्या प्रयोगांचं ध्वनिमुद्रण करतो. जत्रेत देवळासमोर रात्रभर नाटक चालतं. हार्मोनियम, मृदंग, झांज आणि नटांचे संवाद समोरून येतात. मागून दुकानांचा, माणसांचा, पोरांचा गलका येतो. हे सगळं ऐकणाऱ्याभोवती जसंच्या तसं उभं राहावं म्हणून मी ५.१ मध्ये काम करतो. संवाद मधल्या स्पीकरवर, गलका मागच्या दोघांवर. तुमच्या लॅपटॉपवर हीच फाइल लावली की सगळं पुढच्या दोन स्पीकरांत कोंबलं जातं आणि मागचा गलका थेट संवादांवर येऊन बसतो. राजाचं भाषण रंगात आलेलं असताना त्याच्या तोंडासमोर खाजेवाला ओरडतोय असं ऐकू येतं. असं ऐकून मिक्सिंग करायचं कसं?

माझ्या स्पीकर सेटला नेहमीच्या तीन पिना आहेत. हिरवी पुढच्या दोन स्पीकरांची, काळी मागच्या दोघांची, नारिंगी मधल्या स्पीकरची आणि सबवूफरची. तुमच्या जॅकच्या आत चार संपर्क आहेत: डावा, उजवा, अर्थिंग आणि माइक. काळ्या आणि नारिंगी पिनेचा आवाज बाहेर यायला वाटच नाही. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये स्पीकर कॉन्फिगर करायला गेलं तर यादीत ‘स्टिरिओ’, म्हणजे दोनच चॅनल, एवढंच दिसतं. त्याचा स्क्रीनशॉटही जोडला आहे.

तुमच्या ग्राहक सेवेने आधी ड्रायव्हर (आवाज चालवणारं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकायला लावला. मग ‘माइकचा जॅक आउटपुट करून घ्या’ असं सांगितलं. ज्या जुन्या लॅपटॉपना हेडफोन, माइक आणि लाइन-इन असे तीन वेगळे जॅक असायचे, त्यांतल्या काहींवर हे होत असे. तुमच्या या मॉडेलला माइकचा वेगळा जॅकच नाही, आणि हे तुमच्याच माणसाला ठाऊक नसावं याचं मला वाईट वाटलं. त्यानंतर वाय केबल (एका जॅकचे दोन फाटे करणारी) घ्या म्हणाले. वाय केबलने तेच दोन चॅनल दोन ठिकाणी वाजतात, मागचा वेगळा आवाज मिळत नाही. शेवटी एचडीएमआय सुचवलं. एचडीएमआयमधून आठ चॅनलपर्यंत आवाज जातो हे खरं, पण त्यासाठी तो आवाज स्पीकरांना वाटून देणारा वेगळा रिसीव्हर विकत घ्यावा लागतो, कारण माझे स्पीकर पिनेवर चालतात. तसा खर्च करावा लागणार असेल तर तो जाहिरातीच्या पानावर लिहायला हवा होता.

सर्वांत जास्त संताप आला तो सेवाकेंद्राचा. ऐन पावसात आंबोली घाट चढून लॅपटॉप कोल्हापूरला नेला. तिथे जॉबशीटवर शेरा मारला: ‘किनाऱ्यावरील खाऱ्या हवेमुळे जॅकला गंज, वॉरंटीत बसत नाही.’ खारी हवा यंत्रं खाते हे आम्हाला इथे कोणी शिकवायला नको. पण जॅक गंजला असता तर आवाज खरखरला असता, तुटला असता. त्याच जॅकवर पुढचे दोन स्पीकर आजही स्वच्छ वाजतात. शिवाय कुडाळच्या एका मित्राचं सहा चॅनलचं यूएसबी साउंड कार्ड याच लॅपटॉपला लावलं, तिन्ही पिना त्यात घातल्या, आणि सहाच्या सहा स्पीकर आपापल्या जागेवरून वाजले. म्हणजे स्पीकर ठीक, केबल ठीक, विंडोजही ठीक. कमी आहे ती तुम्ही विकलेल्या लॅपटॉपच्या अंगभूत ऑडिओत, आणि ती कारखान्यातूनच आलेली आहे. किनाऱ्यावर राहतो म्हणून ग्राहकाच्या माथी गंज मारायचा, ही रीत मला मान्य नाही.

फोनवर एका मॅडमनी असंही सांगितलं की ‘५.१’ म्हणजे हेडफोनमध्ये सॉफ्टवेअरने केलेला आभास. तसं असेल तर पानावर स्पीकरांचं चित्र कशासाठी?

लॅपटॉप परत घ्या आणि पूर्ण रक्कम परत करा. जॉबशीटवरचा गंजाचा शेरा लेखी मागे घ्या. उद्या दुसरं काही बिघडलं तर तोच कागद माझ्यापुढे धरला जाईल. आणि ते पान दुरुस्त करा, कारण ते वाचून अजूनही कोणीतरी पैसे भरत असेल. बदल्यात यूएसबी कार्ड देऊन विषय मिटवायचा प्रस्ताव मी स्वीकारणार नाही.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. ते न झाल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याची सोय या कायद्यात आहे, त्यामुळे उत्तर तुम्हाला इथल्याच आयोगापुढे द्यावं लागेल.

आपला ग्राहक,
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग

सोबत: बिलाची प्रत, जाहिरातीच्या पानाची प्रत, साउंड सेटिंगचा स्क्रीनशॉट, जॉबशीटची प्रत, यूएसबी कार्डावर सहाही स्पीकर वाजतानाचा व्हिडिओ.