‘योग्य त्या वाहनाने’ म्हणजे कोणत्या?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीची बातमी आपल्या दैनिकात दरवर्षी येते आणि सोबतचा फोटोही ठरलेला असतो: फूटपाथवर आठवडाभर वाळत पडलेला फांद्यांचा ढीग. यंदाही आला. खाली ठेकेदाराच्या नावाने शिमगा. तो ढीग माझा नव्हता, पण असे ढीग मीही मागे टाकलेले आहेत, म्हणून लिहायला बसलो. पुण्यात 17 वर्षं मी झाडं छाटण्या-उतरवण्याची कामं घेतो. सोसायट्यांची, शाळांची, अधूनमधून सरकारी. झाडावर चढणारा माणूस मिळतो, मशिन करवत मिळते, वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी उशिरा का होईना हातात पडते. काम अडतं ते गाडीपाशी.

सरकारी कामाच्या कागदात फांदी कुठून कापायची यावर दोन पानं असतात. गाडीबद्दल मात्र एकच ओळ, की निघालेला माल ठेकेदाराने योग्य त्या वाहनाने त्वरित हलवावा. ‘योग्य त्या’ या दोन शब्दांवर माझे आजवर किती पैसे गेले, हे मला आणि माझ्या गॅरेजवाल्याला माहीत.

धंद्यात आलो तेव्हा मी जुना छोटा हत्ती घेतला. टाटाची एस, म्हणजेच हा छोटा हत्ती, 2005 साली आली आणि दोन-तीन वर्षांत प्रत्येक नव्या धंदेवाल्याची पहिली गाडी तीच झाली. मीही त्याच रांगेत. गाडी गल्लीत शिरते, डिझेल कमी पिते, हप्ता झेपतो. फक्त झाडाचं वजन तिला झेपत नाही. पाऊण टनाच्या आसपास तिचं पासिंग, म्हणजे मान्य केलेला माल. आता हिशेब बघा. दीड-पावणेदोन फूट जाडीचा, म्हणजे 50 सेंटिमीटर व्यासाचा आणि दोन मीटर लांबीचा ओंडका धरा. ताज्या तोडलेल्या लाकडात पाणी इतकं असतं की घनमीटरला बऱ्याचदा टनाच्या जवळपास वजन भरतं. त्या हिशेबाने हा एक ओंडका साडेतीनशे ते चारशे किलोचा. असे दोन ठेवले की छोटा हत्ती संपला. हौदा बघणाऱ्याला रिकामा दिसतो आणि सोसायटीचे सेक्रेटरी खाली येऊन विचारतात, ‘‘अहो, एवढी जागा आहे, अर्धीच गाडी का नेताय?’’

पिकअप घेतली तेव्हा मीही तेच सेक्रेटरी झालो होतो. कोथरूडच्या एका सोसायटीत पावसाने आडवा झालेला वर्षावृक्ष होता. दीड टनाच्या गाडीत मी सहा ओंडके चढवले, वर पाला लोटला, दोर आवळला. कात्रजच्या चढाला स्टिअरिंग हातात लोण्यासारखं फिरायला लागलं. मागे वजन बसलं की पुढची चाकं रस्ता सोडायला बघतात, हे तेव्हा अंगावर काटा येऊन कळलं. वखारीच्या काट्यावर गाडी 4,060 किलो भरली. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी पुस्तकावर, माल आणि गाडी मिळून आकडा तीन टनांच्या आतला. त्या दिवशी कुणी अडवलं नाही. अडवलं असतं, तर 2019 च्या सुधारणेनंतर मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनामागे 2,000, शिवाय जादा माल उतरवून घेण्याचा खर्च आपल्याच माथी. त्या खेपेचे मला मिळणार होते 2,200. दंड वाचला, पण परतताना मागच्या पाट्यातलं (स्प्रिंगमधलं) मोठं पान तुटलं, ते वेगळंच.

फांद्यांचं दुखणं याच्या बरोबर उलटं. गुलमोहराच्या फांद्यांनी हौदा डोंगरासारखा भरतो आणि काट्यावर तीन-चारशे किलोसुद्धा येत नाहीत. म्हणून सगळे ठेकेदार एकच युक्ती करतात: हौद्याच्या कडांना लोखंडी अँगल मारून वर चार फूट जाळी. मीही मारली. आरटीओत फिटनेस तपासणीला गाडी नेली, तेव्हा निरीक्षकाने गाडीभोवती एक फेरी मारली आणि जाळीकडे बोट दाखवून म्हणाला, ‘‘हे काढून या.’’ कंपनीने जे दिलं आणि आरसीवर जे नोंदलं, त्यात परस्पर फेरफार करायचा नाही, हे कायद्याचं कलम 52. मोडलं तर मालकाला प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मला राग आला होता, आता येत नाही. जाळी लावली की माणूस वर फांद्या रचतो, खाली ओंडके सरकवतो आणि त्याच गाडीचं वजन दुप्पट करून बसतो. जाळी हवीच असेल, तर ती गाडी घेतानाच मान्यताप्राप्त बॉडीवाल्याकडून बांधून आरसीवर चढवून घ्यावी. उशिरा सुचलेलं शहाणपण आहे, पण फुकट देतो.

आणि फाळक्याबाहेर, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेबाहेर, डोकावणाऱ्या फांदीला लाल फडकं बांधलं की भागतं, हाही समज सोडायला हवा. माल बाजूने, मागून किंवा वरून हद्दीबाहेर गेला, तर त्यालाही तेच 20,000. फांदी कापून आत घ्यायला करवतीला दोन मिनिटं लागतात.

आता मोठ्या गाडीचं. टाटा 407 रस्त्यावर 1986 पासून आहे आणि या कामाला मला तरी तिच्याइतकी सोयीची दुसरी दिसत नाही: हौदा बुटका, त्यामुळे ओंडका चढवताना चार माणसांच्या कमरेला त्रास कमी, आणि पेठेतल्या बोळात आयशरचा ट्रक जिथे वळत नाही तिथे ही कशीबशी का होईना वळते. पण तीन टनांच्या एकूण वजनाची रेघ इथे ओलांडली जाते. 3,000 किलोपर्यंतच्या मालगाडीला परमिट लागत नाही, त्यापुढे लागतं. नवख्या माणसाला हे विकणारा सांगत नाही, नाक्यावरचा हवालदार सांगतो. ड्रायव्हरचा प्रश्न मात्र सुटलाय. साध्या एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाच्या) लायसन्सवर 7,500 किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने 6 नोव्हेंबर 2024 ला शिक्कामोर्तब केलं. त्याआधी याच मुद्द्यावरून विमा कंपन्या दावे नाकारायला बघत.

माणसं कुठे बसवायची, हा सगळ्यात नाजूक भाग. सकाळी सहाला कामाला निघालेली कोणतीही छाटणीची गाडी बघा. पुढे दोघं-तिघं, मागे हौद्यात करवती, पेट्रोलचा कॅन, दोर आणि त्यावर पाच गडी. संध्याकाळी तेच गडी फांद्यांच्या ढिगावर, विजेच्या तारांच्या उंचीला. मीही वर्षानुवर्षं तसंच नेलं. एकदा नवले पुलाकडे येताना पुढच्या रिक्षाने ब्रेक मारला आणि ढिगावरचा एक पोरगा केबिनच्या टपावर आदळून बॉनेटवरून खाली आला. खांदा निखळला, जीव वाचला. आरसीवर केबिनची आसनसंख्या लिहिलेली असते, त्याबाहेरचा माणूस अपघातात विम्याच्या कोणत्या खान्यात बसतो, हे त्या आठवड्यात वकिलाकडे बसून शिकलो. मालगाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने दोन दशकांपूर्वीच ठरवलंय. आमचा गडी प्रवासी नव्हे, नोकर, असं म्हणता येतं. पण त्याला हजेरीपट लागतो, पगाराची नोंद लागते. आमच्याकडे हजेरी म्हणजे मुकादमाच्या खिशातली वही, पावसात भिजलेली.

तेव्हापासून मी माणसांसाठी बोलेरो कॅम्पर घेतली. पुढे-मागे दोन ओळींत माणसं बसतात आणि मागच्या छोट्या हौद्यात करवती, दोर, शिड्या मावतात. माल 407 मध्ये. दोन गाड्या म्हणजे दोन विमे, दोन फिटनेस (पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, मग दरसाल), दोन पीयूसी, आठ वर्षांनंतर पर्यावरण कर. माझा दर त्यामुळे शेजारच्या ठेकेदारापेक्षा जास्त बसतो आणि निविदेत मी पडतो. जो जिंकतो त्याचा माल कित्येकदा शेतीच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीतून जातो. शेतीसाठी म्हणून नोंदलेली ट्रॉली, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, रात्री नऊला सिंहगड रस्त्यावर. तिला कुणी विचारत नाही.

लाकडाच्या कागदांचंही थोडक्यात सांगतो, कारण गाडी त्यांच्यापायीही अडकते. शहरात झाड तोडायला 1975 च्या झाडांच्या संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, हे आता बहुतेकांना ठाऊक झालंय. पण साग, खैर, आंबा, जांभूळ, चिंच ही नावं 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीतही आहेत, आणि सागाचा ओंडका तुमच्या अंगणातला असला तरी तो हलवायला वनखात्याचा वाहतूक पास लागतो. सुबाभूळ, निलगिरीसारख्या काही जातींना त्यातून सूट आहे. पास नसेल, तर वनखातं नुसतं लाकूड धरत नाही, गाडीही जप्त करू शकतं. डिसेंबर 2023 पासून देशभर ऑनलाइन पासाची सोय झाली आणि पासावर क्यूआर कोड येतो, ही खरंच चांगली गोष्ट. पण माझ्या हातात आजवर आलेल्या महापालिकेच्या एकाही परवानगीवर गाडीचा नंबर नव्हता. नाक्यावर पोलिसाला कागद दाखवला, की तो झाडाचं नाव वाचतो, हौद्यातल्या खोडाकडे बघतो आणि विचारतो, ‘‘हे तेच कशावरून?’’ याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. त्याच्याकडेही नाही, आणि मग काय होतं ते वाचकांना सांगायला नको.

सरकारी कामं देणाऱ्यांकडे माझं मागणं फार नाही. झाडामागे एकगठ्ठा दर लावणं थांबवावं. नारळाची झावळी आणि वडाचा बुंधा एका दरात बसवला, की ठेकेदार दोन खेपांचा माल एकीत कोंबतो किंवा उरलेला फूटपाथवर टाकून जातो. तुमच्या फोटोतला ढीग असाच जन्मतो. ओंडक्यांचे पैसे काटापावतीवर द्यावेत. काटापावतीवर गाडीचा नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन सगळं छापून येतं. ती आरसीशेजारी ठेवली की कोण किती भरून नेतो हे कुणालाही कळेल. फांद्यांसाठी जागेवर तुकडे करणारा श्रेडर लावावा आणि त्याचं भाडं कामात धरावं. माझ्या अनुभवात चार खेपांची एक होते. आणि निविदेसोबत गाड्यांच्या आरसी, फिटनेस, विमा मागताना आसनसंख्येचाही रकाना ठेवावा.

मागच्या सोमवारी एका कामाच्या निविदेपूर्व बैठकीत मी हेच विचारलं. साहेबांनी अटींचा कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘‘लिहिलंय की, योग्य त्या वाहनाने.’’ मी लेखी प्रश्न देऊन आवक शिक्का घेतला आहे. निविदा भरायची मुदत येत्या शुक्रवारी संपते.

आपला,
एक छाटणी ठेकेदार, पुणे