गिरणी संग्रहालयात खानावळीलाही जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी आजी गेल्या महिन्यात, वयाच्या ९१व्या वर्षी, काळाचौकीच्या चाळीतील आमच्या खोलीतच वारली. याच दहा बाय बाराच्या खोलीत तिने अनेक वर्षे गिरणी कामगारांची खानावळ चालवली होती. तेरावे झाल्यावर तिची पत्र्याची पेटी उघडली, तेव्हा दोन जुन्या लुगड्यांखाली खानावळीची वही सापडली, आणि ती चाळता चाळता हे पत्र लिहावेसे वाटले.

आजीला लिहिता-वाचता येत नव्हते. त्यामुळे वहीत जेवणाऱ्यांची नावे नाहीत, प्रत्येकाची एक खूण आहे: कुणाची छत्री, कुणाची ढोलकी, एकाच्या तर नुसत्या झुपकेदार मिशा. खुणेपुढे उभ्या रेघा म्हणजे जेवणे आणि फुल्या म्हणजे खाडे. तेव्हा शाळेत असलेल्या माझ्या वडिलांकडून ती ही चित्रे काढून घेत असे, आणि मिशा मनासारख्या उतरेपर्यंत त्यांना पाटावरून उठू देत नसे.

आजोबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या खात्यात होते. १९६८ साली ते क्षयाने गेले, तेव्हा पदरात तीन मुले होती. संगमेश्वरकडच्या गावी परत जावे, असे सगळ्यांनी सुचवले. पण आजीने आजोबांच्याच खात्यातले आठ-दहा जण जेवायला धरले आणि बघता बघता ते वीस-बावीस झाले. पहिली पाळी सातला लागायची म्हणून ती तीनलाच स्टोव्ह पेटवायची, आणि दुसऱ्या पाळीचे लोक मध्यरात्रीनंतर जेवून गेल्याशिवाय तिची पाठ जमिनीला टेकत नसे. सगळे तिला मावशी म्हणत. किराणा उधारीवर आणि त्यावर भरमसाट व्याज, अशी बहुतेक खानावळवाल्या बायकांची स्थिती होती. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि या बायकांना बँकेची दारे उघडून दिली, हे त्यांचे ऋण आमच्या घरात आजही मानले जाते. बँकेत अंगठा उठवून आजी घरी आली, त्या दिवशी तिने सगळ्या पंगतीला शेवयांची खीर वाढली होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार गिरण्यांबाहेर पडले. वहीत त्यानंतर रेघाच रेघा आहेत, जमा कुठेच नाही. ताटातली भाजी आधी गेली, मग आमटी पातळ झाली आणि शेवटी भाकरीबरोबर सुकटीची चटणी तेवढी उरली. आजीने हातातल्या पाटल्या गहाण टाकल्या. काही जण संकोचाने जेवायला येईनासे झाले, तेव्हा ती गॅलरीत उभी राहून त्यांना हाक मारी, "आज भाकरी हाय, ती खाऊन घ्या. उद्याचं उद्या बघू." हळूहळू एकेक जण गावाला गेला. वर्षभराने तिने वडिलांना वही घेऊन बसवले आणि प्रत्येक थकलेल्या पानावर आडवी रेघ मारून घेतली. त्या बाकीची आकडेमोड तिने पुन्हा कधी केली नाही.

मी हे सारे ऐकलेले आहे. मात्र एक प्रसंग मी लहानपणी डोळ्यांनी पाहिला. गौरीच्या दिवशी एक वयस्कर गृहस्थ तांदळाची गोणी खांद्यावर घेऊन तीन जिने चढून आले आणि दारातच त्यांना रडू कोसळले. वहीतली ढोलकी ती त्यांचीच. आजीने त्यांना आधी जेवू घातले, शेजारून ढोलकी मागवून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि त्या तालावर चाळीतल्या बायकांबरोबर फुगडी घातली. विधवा बाईने असे करावे का, ही कुजबुज तिच्या कानावर येत असे. त्यामुळे तिची एकही फुगडी चुकली नाही. ऐंशी ओलांडल्यावरही ती गौरी जागवायला बसे आणि तरुण मुलींच्या आधी गाणे उचलून धरी.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ व ३ च्या जागेत वस्त्रोद्योग संग्रहालय उभे करण्याचा महापालिकेचा प्रकल्प आहे. तेथे साचे, बॉबिन, भोंगा हे सर्व असावेच. पण ज्यांच्या हातची भाकरी खाऊन ते साचे चालले, त्या खानावळवाल्यांची नावे कोणत्याही हजेरीपटावर नव्हती. त्यांना तेथे निदान एक खोली मिळावी, आणि ज्या दोन-चार जणी आज हयात आहेत त्यांच्याकडून त्यांची हकिकत त्यांच्याच आवाजात नोंदवून घेतली जावी, अशी संबंधितांना मनापासून विनंती आहे. या कामी उशीर नको, कारण वहीतल्या मिशा कुणाच्या, हे मला आजीला विचारायचे राहून गेले.

आजीची ही वही आणि तिचा लोखंडी तवा संग्रहालयाला द्यायला आमचे कुटुंब तयार आहे.

आपली,
एक वाचक, काळाचौकी, मुंबई