मामा, तुमच्यामुळे बोट धड घरी आली

आदरणीय मामा,

सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं बरं, गिअर ऑइल बदललं का ते सांग" म्हणून विषय तोडता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. दुसरंही कारण आहे. माजलगाव धरणाच्या काठावरच्या आमच्या मच्छीमार संस्थेने जुनी मोटरबोट घेतली हे कळल्यापासून येलदरी, विष्णुपुरी या धरणांकडच्या पोरांचे फोन येतात. कितीला घेतली, किती पळते, एवढंच विचारतात. आणली कशी आणि ठेवता कशी, हे कुणी विचारत नाही. तुम्ही पहिल्या भेटीत तेवढंच विचारलं होतं.

२०२५च्या सप्टेंबरात सिंदफणा, मांजरा, गोदावरी, सगळ्याच नद्या अंगावर आल्या तेव्हा आमच्याकडे थर्माकोलचे तराफे होते आणि गुळाच्या काहिली. त्यावरून माणसं काढली, पण ज्यांनी काढली त्यांनाच विचारावं काय वाटत होतं ते. पाणी उतरल्यावर संस्थेच्या बैठकीत ठरलं की बोट घ्यायची: एरवी जाळ्यांवर लक्ष ठेवायला, आणि पुन्हा तशी वेळ आली तर माणसांसाठी. नवी परवडत नव्हती. कोकणात खाडीत चाललेली अठरा फुटी फायबरची बोट, चाळीस हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड इंजिन आणि खाली ट्रेलर, असा सौदा कळला. त्याच सुमारास कुणीतरी सांगितलं की भाऊच्या धक्क्यावर उभी उमेद इंजिनं खोलण्यात घालवलेला माणूस आता पाथरीजवळ कापूस लावतो. आम्ही दारात आलो, तर तुम्ही फवारणीचा पंप खोलून बसला होतात.

रेवदंड्याला पोहोचल्यावर आम्ही सगळे रंग बघत होतो. तुम्ही स्क्रूड्रायव्हरची लाकडी मूठ घेऊन मागची पाटी ठोकत बसलात. इंजिन ज्या पाटीला टांगलेलं असतं तिच्या आत बहुतेक वेळा प्लायवूड असतं. फायबरला बारीक चीर गेली की पाणी आत शिरतं, लाकूड कुजतं, आणि वरून रंग मारला की काही दिसत नाही. टणक आवाज आला की पुढे, बद्द आला की तिथेच थांबून पुन्हा ठोकायचं. अख्खी पाटी तुम्ही अशी ऐकून काढलीत. इंजिन आम्ही यायच्या आधी कुणी तापवून ठेवू नये, गारच असावं, हे तुम्ही विकणाऱ्याला आदल्या दिवशीच फोनवर बजावलं होतं. तापलेलं इंजिन कुणाच्याही हातून चालू होतं म्हणालात. मग सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते, मोजलंत, ते एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत आहे म्हणून मान हलवलीत. खालच्या गिअरपेटीचा स्क्रू सैल करून थेंबभर तेल बोटावर घेतलंत. ते दुधाळ निघालं असतं तर सील गेलंय, आत पाणी जातंय, आणि तुम्ही आम्हाला रिकाम्या हाताने परत आणलं असतं यात मला शंका नाही.

खरं काम मात्र त्यानंतर सुरू झालं, आणि हे पत्र मुख्यतः त्याबद्दल आहे. बोट पसंत पडली, पैसे दिले, आता गाडीला अडकवायची आणि निघायचं, असं आमच्या अध्यक्षांचं म्हणणं. तुम्ही ट्रेलरच्या टायरपाशी उकिडवे बसलात. नक्षी शाबूत होती. तुम्ही बाजूवरचे चार आकडे वाचायला लावलेत: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१५ म्हणजे २०१५ सालातला तेविसावा आठवडा. "ट्रेलरचा टायर झिजून मरत नाही, उन्हात उभा राहून मरतो," हे वाक्य आता आमच्या पोरांच्या तोंडी बसलंय. दोन्ही टायर बदलले. मग हब, म्हणजे चाकाच्या मधला बेअरिंगचा भाग, उघडले. आतलं ग्रीस तांबूस झालेलं, कारण खाडीत बोट उतरवताना चाकं खाऱ्या पाण्यात जात होती. बेअरिंग आणि सील नवे घातले, आणि ग्रीस भरलेला एक हब जादा म्हणून फडक्यात गुंडाळून गाडीत ठेवायला लावलात. एक अख्खा दिवस त्यात गेला. अध्यक्ष चिडले होते. आता ते हीच गोष्ट स्वतःची म्हणून सांगतात, तुम्ही हसू नका.

मग तुम्ही शेजारच्या मासळीवाल्याचा काटा मागून आणलात. आम्हाला वाटलं, मासे घ्यायचे असतील. तुम्ही त्यावर ट्रेलरच्या दांड्याचं टोक टेकवलंत. बोट, इंजिन आणि ट्रेलर मिळून जे वजन होतं, त्याचा साधारण दहावा हिस्सा गाडीच्या मागे ट्रेलर अडकवायचा जो गोळा असतो त्याच्यावर यायला हवा. कमी आला तर वेग घेतल्यावर ट्रेलर बैलाच्या शेपटीसारखा दोन्हीकडे हलायला लागतो आणि मग ब्रेक मारून तो सावरत नाही, उलट बिघडतो. जास्त आला तर बोलेरोचं मागचं बसतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग ऐकत नाही. आमचा हिस्सा कमी भरला. तुम्ही पेट्रोलची टाकी आणि नांगर नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, सरकवून पुन्हा मोजलंत.

साखळ्या दांड्याखालून एकमेकींना ओलांडून लावायच्या, म्हणजे गोळा निसटलाच तर दांडा रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडतो. पुढच्या विंचच्या पट्ट्यावर विसंबायचं नाही, नाळेला वेगळी साखळी आणि मागे दोन्ही कोपऱ्यांना रॅचेटचे पट्टे. इंजिन वर उचलून धरणारा खटका पाण्यावरच्या कामापुरता असतो. आपल्या रस्त्यांचे हादरे त्याच्यावर टाकले तर तो तुटतो, नाहीतर पाटी तरी फाटते. म्हणून तुम्ही एक जाड लाकूड कापून, टोकांना ट्यूबचं रबर गुंडाळून, इंजिन आणि ट्रेलर यांच्यामध्ये टेकू दिलात. तो टेकू अजून वापरतो आम्ही. बाजारात यासाठी वेगळी दांडी मिळते म्हणे, पण ती घ्यायला कुणी तयार नाही.

परतीचा रस्ता मला पाठ झालाय. पनवेल, कल्याण, आणि तिथून महामार्ग ६१, जुना २२२, जो मुरबाडवरून माळशेज चढून अहिल्यानगर, पाथर्डी करत थेट माजलगावात येतो आणि पुढे परभणी, नांदेडवरून निर्मलला जातो. माळशेज चढताना गाडी पहिल्या-दुसऱ्यात कण्हत होती तरी तुम्ही गप्प होतात. करंजी घाटात मात्र चालवणाऱ्याच्या पायाकडे बघत बसलात. ब्रेकवर पाय धरून ठेवायचा नाही, उतार सुरू व्हायच्या आधी खालचा गिअर टाकायचा, मागचं वजन इंजिनने अडवायचं. आळेफाट्याला चहाला थांबलो तेव्हा पोरं हॉटेलकडे निघाली आणि तुम्ही ओरडलात, "आधी हात!" दोन्ही हबला उलटा हात लावायचा. कोमट असेल तर चहा, हात ठेववत नसेल तर चहा नाही. त्यानंतर प्रत्येक थांब्यावर ते झालं. पट्टे दर वेळी थोडे सैल निघत होते आणि तुम्ही दर वेळी "बघितलं?" म्हणत होतात.

रिव्हर्स शिकवणं हा एक वेगळाच तमाशा होता, त्यावर जास्त लिहीत नाही. स्टिअरिंग खालून धरायचं आणि ट्रेलरचं ढुंगण जिकडे न्यायचं तिकडे हात न्यायचा, एवढ्या एका वाक्याने ज्या पोराला ट्रॅक्टरची ट्रॉली कधी मागे घेता आली नव्हती त्याला ट्रेलर जमला.

घरी आल्यावर खरी कुरबुर पाण्यावरून झाली. इंजिनाच्या आतल्या वाटांत खाडीचं मीठ बसलेलं असतं, ते गोड्या पाण्याने धुऊन काढायचं म्हणून तुम्ही दोनशे लिटरचं पिंप मागितलंत, त्यात इंजिनाचा खालचा भाग बुडवून ते चालवायचं होतं. आमच्या काकूंनी विचारलं, "माणसांना टँकर आणि इंजिनाला आंघोळ?" तुम्ही त्यांना काही समजावत बसला नाहीत. बोअरचं क्षारांचं पाणी नको म्हणालात आणि पिंप घेऊन स्वतः बॅकवॉटरला गेलात, गाळून भरून आणलंत. इंजिन चालू झाल्यावर बाजूच्या भोकातून पाण्याची धार येते की नाही ते बघायला शिकवलंत. धार बारीक झाली किंवा थांबली की लगेच इंजिन बंद, कारण आतला पाणी ओढणारा रबरी पंखा, इम्पेलर, गेला असेल नाहीतर वाट बुजली असेल, आणि पाण्याविना हे इंजिन फार वेळ तग धरत नाही. ते तेलकट पाणी तुम्ही काकूंच्या लिंबाच्या झाडालाही टाकू दिलं नाहीत.

तुम्ही दाखवलेल्या दोन गोष्टी आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हत्या. एक म्हणजे इंजिनाला लावलेले ते करडे धातूचे तुकडे, अॅनोड. इंजिनाऐवजी स्वतः गंजायचं हेच त्यांचं काम. खाऱ्या पाण्यात ते जस्ताचे असतात. धरणाच्या गोड्या पाण्यात जस्तावर थर चढतो आणि ते काम करेनासं होतं, म्हणून तिथे मॅग्नेशियमचे किंवा अॅल्युमिनियमचे लावायचे. कोकणातून मराठवाड्यात आलेल्या प्रत्येक बोटीला हे लागू आहे, म्हणून मुद्दाम लिहितोय.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि आऊटबोर्ड बनवणाऱ्या कंपन्या साधारण दहा टक्क्यांपर्यंतच चालेल असं सांगतात. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, पाणी जास्त झालं की ते पेट्रोलपासून फुटून टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंजिन नेमकं तळातूनच पितं. म्हणून लागेल तेवढंच ताजं पेट्रोल, मध्ये पाणी अडवणारा फिल्टर, आणि बोट उभी करायची असेल तर नळी काढून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवायचं. जुन्या रबरी नळ्या तुम्ही बघताक्षणी कापून टाकल्यात. तेलही मोटरसायकलचं नाही, टीसी-डब्ल्यू ३ (बोटीच्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या तेलाचा दर्जा) लिहिलेलंच, कारण पाण्याने गार होणाऱ्या इंजिनाचं तापमान कमी असतं. आमच्या इंजिनाला पन्नासास एक, लिटरला वीस मिली. हे प्रमाण आता डब्याच्या झाकणावर रंगाने लिहिलंय.

उद्घाटनाचं ठरलं तेव्हा पाहुणे येणार होते. नोंदणीसाठी बोटीच्या नावाची पडताळणी, सर्व्हे, विमा व्हायचा होता. तुम्ही अध्यक्षांना एवढंच म्हणालात, "नारळ फोडा, हार घाला, फोटो काढा. बोट ट्रेलरवरून उतरणार नाही." अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आणि मेरीटाइम बोर्डाची नोंदणी या गोष्टी तुम्ही ज्या सहजपणे सांगत होतात त्यावरून पाहुण्यांनाही तुम्ही अधिकारी वाटलात. काही पोरांना बोट नाथसागरावर, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावर, नेऊन पळवायची होती. तिथे १९८६पासून पक्षी अभयारण्य आहे, पाखरांच्या अंगावर चाळीस हॉर्सपॉवर घालायला मी तुम्हाला शिकवलेलं नाही, असं सुनावलंत. एक जण दोन दिवस रुसला होता. आता सगळ्यात आधी लाइफ जॅकेट तोच वाटतो, आणि किल स्विचची, म्हणजे माणूस पडला तर इंजिन बंद करणाऱ्या खटक्याची, दोरी मनगटाला बांधल्याशिवाय कुणाला इंजिनाला हात लावू देत नाही.

सगळ्यात मोठे उपकार मे महिन्यातले. धरणाचं पाणी ओसरलं, काठ उघडे पडले, आणि तुम्ही पोरांना घेऊन त्या भेगाळलेल्या गाळातून चालत फिरलात. बुडीत गावाच्या विहिरींचे कठडे, बाभळीचे बुंधे, कुणाच्या तरी वाड्याचा चौथरा. पावसाळ्यात हे सगळं पाण्याखाली फूट-दोन फुटांवर असतं आणि इंजिनाचा पंखा मोडायला तेवढं पुरतं. प्रत्येक जागा मोबाइलच्या नकाशावर नोंदवून घेतलीत. ज्या म्हाताऱ्यांची ती गावं होती, त्यांनाही बरोबर घेतलंत. एक आजोबा आपली विहीर बरोबर सांगू शकले, शेजाऱ्याची मात्र चुकीची सांगितली, त्यावर तिथेच दोघांचं भांडण लागलं. बोट उतरवायला काळ्या मातीत ट्रेलर रुतणार हा आमचा घोर होता. तो जुना गावरस्ता, जो सरळ पाण्यात जातो, खडीचा, तुम्हीच शोधलात. आता तिथूनच उतरवतो, ट्रॅक्टर लावून. आल्या आल्या चाकं पाण्यात घालत नाही. हब गार होऊ देतो, नाहीतर आतली तापलेली हवा आकसते आणि पाणी आत ओढते. दिव्यांची वायर काढतो, बोटीच्या तळाचं बूच लावल्याची दोघांनी खात्री करतो.

जाळ्यांचं नायलॉन पंख्यात गुंततं, हेही तुमचं म्हणणं खरं ठरलं. पंखा काढला तेव्हा मागे दांड्याला दोऱ्याचा जाड वेढा बसलेला होता, सीलपर्यंत अजून पोहोचला नव्हता. गिअर ऑइल स्वच्छ निघालं, बदललं. तुमच्या फोनचं उत्तर त्यात आलं.

पैशाबद्दल तुम्ही बोलू देत नाही. सगळ्या खटाटोपाचे म्हणून संस्थेने पाकीट दिलं, ते तुम्ही अध्यक्षांच्या खिशात परत घातलंत आणि एक कतला मासा नेलात, तोही पैसे देऊन. हे संस्थेच्या हिशोबात कुठे मांडायचं, हा प्रश्न अजून आमच्या खजिनदारांपुढे आहे.

पोळ्याच्या आधी एकदा या. पोरांनी स्वतः हब उघडून ग्रीस भरलंय, आणि तुम्ही हात लावून बघितल्याशिवाय अध्यक्ष ट्रेलर रस्त्यावर काढू देत नाहीत. परत जाताना कतला घेऊन जा. पैसे घेऊ, वाद घालणार नाही.

आपला,
संस्थेचा सचिव आणि बोटीवरची सगळी पोरं